एक स्पीकर, वीस-बावीस जणी : सगळ्यांसाठी गाणी आपोआप निवडण्याची न्याय्य पद्धत कोणती?

प्रश्न : काजबटण (सोलापूर)

नमस्कार. सोलापुरात शालेय गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये मी सुपरवायझर आहे. एका हॉलमध्ये वीस-बावीस बायका मशीनवर बसतात, कडेला काज-बटणाची आणि इस्त्रीची टेबले आहेत, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा एकच स्पीकर भिंतीवर लावलेला आहे. दिवसभर त्यावर गाणी चालू असतात. ती कोणती असावीत यावरून रोज कुरबुर होते आणि शेवटी ज्यांचा आवाज मोठा, त्यांचीच गाणी वाजतात.

आमच्याकडे विशीतल्या मुली आहेत तशा साठीला टेकलेल्या बायकाही आहेत. पद्मशाली कुटुंबांतल्या काही जणींची घरची भाषा तेलुगू आहे, अक्कलकोटकडून येणाऱ्या दोघी-तिघी घरी कन्नड बोलतात, बाकीच्या मराठी किंवा हिंदी. मुलींना नवी वेगवान गाणी हवी असतात, मधल्या वयाच्या बायकांना नव्वदच्या दशकातली हिंदी चित्रपटगीते, आणि सकाळी पहिला अर्धा तास भक्तिगीते लावण्याची प्रथा मात्र सर्वांना मान्य आहे. तेलुगू गाण्यांना कोणाचा विरोध नाही, तरीही ती कधीच लागत नाहीत, कारण ती मागणाऱ्या बायका मुळात कमी बोलतात.

माझा भाचा संगणकशास्त्र शिकतो. सगळ्यांची आवडनिवड एकदा नोंदवून घेऊन पुढचे गाणे आपोआप निवडणारा छोटा प्रोग्राम लिहून देण्याची त्याची तयारी आहे. त्याच्या मते प्रत्येकीने प्रत्येक प्रकाराला गुण द्यावेत आणि ज्याची सरासरी सर्वांत जास्त ते गाणे लावावे. मला हे ऐकायला बरोबर वाटते, पण सरासरी काढली तर तेलुगू गाणी पुन्हा मागेच राहतील, अशी शंका मनातून जात नाही. गाणी ऐकवणाऱ्या ॲपमध्ये अनेकांच्या आवडी एकत्र करणाऱ्या सोयी असतात असे कळते. त्या आम्हाला पुरतील का, की आमची रीत आम्हीच ठरवावी?

प्रतिसाद : मतगणित

आपली शंका योग्य आहे. गट-शिफारस, म्हणजे अनेकांच्या आवडी एकत्र करून सर्वांसाठी एक निवड सुचवणे, या विषयावर गेल्या 25 हून अधिक वर्षांत जे काम झाले, त्याचा बराच भाग नेमका याच शंकेभोवती फिरतो.

आपल्यासारख्याच परिस्थितीसाठी केलेली एक जुनी यंत्रणा मुद्दाम सांगतो. अमेरिकेत अँडरसन कन्सल्टिंग या कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या व्यायामशाळेत ‘म्युझिक-एफएक्स’ नावाची प्रणाली बसवली होती, आणि जोसेफ मॅकार्थी व थिओडोर ॲनग्नॉस्ट यांनी 1998 मध्ये तिच्यावर शोधनिबंध लिहिला. तिथे प्रत्येक सदस्याने संगीताच्या 91 प्रकारांना उणे 2 पासून अधिक 2 पर्यंत गुण दिले होते. सदस्य आत आला की यंत्रणेला त्याची हजेरी कळत असे, आणि त्या क्षणी हजर असलेल्यांच्या गुणांवरून पुढचा प्रकार ठरत असे. हिशेबाची रीत अशी होती : प्रत्येकाच्या गुणात 2 मिळवायचे, येणाऱ्या संख्येचा वर्ग करायचा आणि सगळ्यांचे वर्ग एकत्र मिळवायचे. वर्गामुळे ज्यांना एखादा प्रकार मनापासून आवडतो त्यांचे वजन वाढते.

ही रीत आपल्या हॉलमध्ये काय करील ते चौघींचे उदाहरण घेऊन पाहू. तीन तरुण मुली आणि चौथी एक वयस्क तेलुगूभाषक बाई आहे असे समजा. नव्या वेगवान गाण्यांना मुलींनी प्रत्येकी 2 गुण दिले आणि चौथीने उणे 2. जुन्या हिंदी गाण्यांना चौघींनी प्रत्येकी 1 दिला. तेलुगू गाण्यांना मुलींनी 0 दिला, म्हणजे आवड नाही आणि त्रासही नाही, तर चौथीने 2 दिले. आता नुसती बेरीज केली तर वेगवान गाणी 4, हिंदी 4 आणि तेलुगू 2. वर्गाच्या रीतीने वेगवान गाणी 48, हिंदी 36 आणि तेलुगू 28. म्हणजे तिघींचा उत्साह मोजताना चौथीचा त्रास हिशेबातून नाहीसाच होतो, कारण उणे 2 चे 0 होतात आणि 0 चा वर्ग 0 च राहतो.

याच्या उलट टोकाची रीत म्हणजे ‘कमीत कमी त्रास’ : प्रत्येक प्रकाराला मिळालेला सर्वांत खालचा गुण पाहायचा आणि ज्याचा खालचा गुण सर्वांत वर असेल तो प्रकार निवडायचा. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी छोट्या गटांना चित्रपट सुचवणाऱ्या ‘पॉलीलेन्स’साठी 2001 मध्ये हीच रीत वापरली. चार मित्रांना एका रात्रीपुरता एकच चित्रपट बघायचा असेल तर ती उत्तम आहे. पण आपल्याकडे ती चालवली तर जुनी हिंदी गाणीच दिवसभर वाजतील. कोणाला त्रास होणार नाही हे खरे, पण कोणाच्या मनासारखेही काही लागणार नाही. वीस-बावीस जणींमध्ये प्रत्येक प्रकाराला कोणीतरी नकार दिलेला असणारच, तेव्हा मोठ्या गटात ही रीत जवळजवळ निरुपयोगी होते.

दोन्ही रीतींत एकच उणीव आहे आणि माझ्या मते तीच आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. दोन्ही रीती प्रत्येक गाण्याचा निर्णय नव्याने घेतात. मागच्या तासाभरात कोणाला काय मिळाले याची त्यांना आठवणच नसते. व्यायामशाळेत माणूस तासाभराने निघून जातो, त्यामुळे तिथे ते खपून जाते. आपल्या बायका रोज आठ तास त्याच खोलीत बसतात आणि उठून जाण्याची मुभा त्यांना नाही, म्हणून एका गाण्यापुरता न्याय त्यांना पुरणार नाही. तेलुगू गाणे कोणत्याही एका निवडणुकीत हरणारच आहे, पण ते दिवसातून काही वेळा वाजल्याने कोणाचेच नुकसान होत नाही. म्हणजे बहुमत हा इथे निकष म्हणूनच चुकीचा आहे.

याच विषयावर संशोधन करणाऱ्या जुडिथ मास्थॉफ यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. तीन प्रेक्षकांनी दिलेले गुण समोर ठेवून, या तिघांना मिळून कोणते कार्यक्रम दाखवावेत असे त्यांनी सामान्य लोकांना विचारले होते. लोक सरासरीचा विचार करत, पण कोणाला फार त्रास होऊ नये आणि प्रत्येकाला काहीतरी मिळावे याकडेही त्यांचे लक्ष असे. पुढे 2006 मध्ये मास्थॉफ आणि आल्बर्ट गॅट यांनी समाधान हे क्रमाने साठत आणि ओसरत जाणारे मानून त्याचे गणित मांडले. नुकतेच आवडीचे मिळालेला माणूस पुढचे नावडते सहज सोसतो, आणि शेजारी खूश असेल तर त्याचाही थोडा परिणाम आपल्यावर होतो, हे त्यांनी त्यात धरले आहे.

त्यावरून आपल्या भाच्यासाठी मी ही रीत सुचवतो. प्रत्येकीच्या नावापुढे एकच आकडा ठेवावा : तिच्या मनापासून आवडीचे गाणे लागल्यानंतर आजवर किती गाणी होऊन गेली. पुढचे गाणे निवडताना, हजर असलेल्यांपैकी ज्या बाईचा आकडा सर्वांत मोठा तिची आवड प्रथम बघावी, आणि तिच्या आवडीच्या गाण्यांपैकी इतरांना मिळून जास्तीत जास्त चालणारे गाणे घ्यावे. बरोबरीत असलेल्या गाण्यांतून चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करावी, म्हणजे रोज तोच क्रम ऐकावा लागणार नाही. म्युझिक-एफएक्समध्येही पहिल्या काही पर्यायांतून गुणांच्या प्रमाणात अशीच सोडत निघत असे.

नकाराचे मात्र दोन वेगळे प्रकार नोंदवावेत. ‘आवडत नाही’ असे म्हटलेले गाणे वाजू शकते, पण त्या बाईला आवडीचे काही मिळाल्यावरच. ‘सहन होत नाही’ असे म्हटलेले गाणे ती हॉलमध्ये असेपर्यंत वाजू नये. न्यू मेक्सिको विद्यापीठातील संशोधकांनी 2005 मध्ये मांडलेला ‘अडॅप्टिव्ह रेडिओ’ केवळ नकारांवर चालत असे : ज्याला कोणी नाही म्हटलेले नाही ते सगळे वाजवायचे. लोकांना आवड सांगण्यापेक्षा नावड सांगणे सोपे जाते, हा त्यामागचा विचार मला पटतो.

आता ॲपमधल्या सोयी. स्पॉटिफायमधली ‘ब्लेंड’ ही सोय 2021 मध्ये दोघांसाठी आली आणि पुढच्या वर्षी ती दहा जणांपर्यंत वाढली. ती प्रत्येकाच्या ऐकण्याच्या इतिहासावरून मिळून एक यादी बनवते. आपल्याकडे माणसे दुप्पट आहेत हे एक. दुसरे आणि जास्त महत्त्वाचे म्हणजे ज्या घरात एकच फोन सगळे वापरतात, तिथे इतिहासात आईची आवड कमी आणि मुलांची बालगीते जास्त सापडतात. शिवाय या क्षणी हॉलमध्ये कोण हजर आहे हे अशा यादीला कळत नाही. आपली रीत आपणच ठरवावी.

प्रतिसाद : जुना_श्रोता

वरचा प्रतिसाद मनापासून आवडला. मी गणिताचा माणूस नाही, पण रेडिओ आयुष्यभर ऐकला आहे, म्हणून ऐकण्याच्या बाजूने लिहितो.

त्या वयस्क बाईने वेगवान गाण्यांना जो नकार दिला, तो गाण्याला आहे की आवाजाला, हे आधी तपासावे. जुन्या गाण्यांची ध्वनिमुद्रणे तुलनेने हळू आवाजाची असतात आणि अलीकडची गाणी मुद्रणाच्या शेवटच्या टप्प्यावर मुद्दाम मोठी केलेली असतात. जुने गाणे नीट ऐकू यावे म्हणून कोणी आवाज वाढवते, पुढचे नवे गाणे त्याच पातळीवर सुरू होते, आणि स्पीकरजवळ बसलेल्या बाईच्या कानावर ते आदळते. तिने नावडीच्या रकान्यात खूण केली तर त्यात तिचा दोष नाही, पण प्रोग्रामला चुकीची माहिती मिळालेली असते. म्हणून सर्व गाण्यांचा आवाज आधी एका पातळीवर आणावा. गाणी वाजवणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी सोय असते. ती चालू करून, खर्ज थोडा कमी करून आणि स्पीकर कोणाच्या डोक्यावर येणार नाही असा सरकवून मगच गुण घ्यावेत. मला खात्री वाटते की ‘सहन होत नाही’ या खुणा निम्म्याहून कमी होतील.

मशीनच्या आवाजावर मात करण्यासाठी गाणी मोठी करत जाण्याचा मोह टाळावा. आठ तासांच्या कामासाठी 85 डेसिबल ही मर्यादा अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सुचवलेली आहे, आणि कान मशीन व गाणे यांची गोळाबेरीजच ऐकत असतो.

दुसरी गोष्ट शांततेची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 मध्ये, बीबीसीने कारखान्यांतील कामगारांसाठी खास संगीताचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा तो दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तासच असे. निवडही जपून केली जाई. ज्या गाण्यात टाळ्यांची जागा होती त्या ठिकाणी कामगार हातातली अवजारे आपटून ताल धरू लागले, तेव्हा ते गाणे वगळण्यात आले. अमेरिकेतल्या ‘म्युझॅक’ कंपनीची पद्धत तर पंधरा मिनिटे संगीत आणि पंधरा मिनिटे शांतता अशी होती. त्यांचा हेतू उत्पादन वाढवण्याचा होता, आपला तो नाही. तरीही दिवसभर अखंड गाणी कोणालाच सुखाची नसतात हे त्यांनी ओळखले होते. आपल्या प्रोग्राममध्ये ‘काहीच नको’ हाही एक प्रकार धरावा, त्यालाही गुण द्यायला सांगावे आणि त्याची पाळी इतरांसारखीच यावी. गाणी नको असलेली बाई अशा गटात बहुधा असतेच, आणि तिला विचारायचे सर्वांच्या राहून जाते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विविध भारती 1957 मध्ये सुरू झाली. तिच्यावरचे फर्माइशीचे कार्यक्रम आणि आकाशवाणीवरची ‘आपली आवड’ ज्यांनी ऐकली आहे, त्यांना गाण्याआधी वाचली जाणारी नावांची लांबलचक यादी आठवत असेल. झुमरी तलैयासारखे आडबाजूचे गाव तेवढ्यावर देशभर माहीत झाले. निवडीची रीत यंत्राची नव्हती, पण एका वेळी एकच गाणे आणि ऐकणारे असंख्य, हा पेच तोच होता. गाणे आपल्या आवडीचे नसले तरी ते कोणाचे तरी आहे, एका नावाचे आणि एका गावाचे आहे, हे कळले की ते परके राहत नसे. आपल्या हॉलमध्येही प्रत्येक गाण्याआधी ‘हे अमुक मावशींच्या आवडीचे’ एवढे सांगण्याची सोय व्हावी. भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर नाव दिसले तरी चालेल. तेलुगू गाणे लागल्यावर शेजारची मुलगी त्या बाईंना अर्थ विचारील, आणि पुढच्या वेळी तिचा 0 कदाचित 1 होईल.

प्रतिसाद : नियमावली

थोडक्यात एक व्यावहारिक सूचना. गाणी ऐकवणाऱ्या ॲपची नेहमीची खाती वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरापुरती असतात. कामाच्या जागी स्पीकरवर गाणी वाजवायची तर ध्वनिमुद्रणाचे हक्क आणि गीत-संगीताचे हक्क असे दोन वेगळे हक्क लागू होऊ शकतात, आणि त्यांचे परवाने देणाऱ्या पीपीएल आणि आयपीआरएस या वेगवेगळ्या संस्था आहेत. आपल्या युनिटला काय लागू पडते ते मालकांनी आधी विचारून घ्यावे. प्रोग्राम तयार झाल्यावर हा प्रश्न निघाला तर सगळ्यांचाच हिरमोड होईल.

प्रश्नकर्तीचे उत्तर : काजबटण

सर्वांचे मनापासून आभार. परवान्याबद्दल मालकांशी बोलते. स्पीकर खरोखरच इस्त्रीच्या टेबलावर आहे आणि ‘डोके उठते’ असे म्हणणाऱ्या दोघी तिथेच उभ्या असतात, तेव्हा तो आधी हलवते.

गुण घेण्यासाठी एक कल्पना सुचली आहे. सगळ्यांना फोनवर भरता येईल अशी खात्री नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक प्रकाराचा छोटा नमुना वाजवायचा आणि प्रत्येकीने आपल्या डबीत एक बटण टाकायचे : आवडले तर हिरवे, चालेल तर पांढरे, आवडत नसेल तर लाल आणि सहन होत नसेल तर काळे. बटणांना आमच्याकडे तोटा नाही. प्रत्येक नमुन्यानंतर डब्या गोळा करून मी वहीत मांडीन.

दोन शंका उरल्या. आपलीच गाणी लागावीत म्हणून कोणी सगळीकडे हिरवी नाहीतर काळीच बटणे टाकली तर काय करायचे? आणि गाण्याबरोबर नाव दाखवायचे, तर मग नावडही सगळ्यांना कळणार का? कोणीतरी दुखावले जाईल, याची मला काळजी वाटते.

प्रतिसाद : मतगणित

बटणांची कल्पना फार चांगली आहे. माझ्या गुणांच्या मांडणीपेक्षा ती सरस आहे, कारण तिच्यातच पहिल्या शंकेचे उत्तर आहे : प्रत्येकीला बटणे मोजूनच द्यावीत. वीस नमुने असतील तर सहा हिरवी, तीन लाल, एक काळे आणि पांढरी हवी तितकी. एकीचे 2 आणि दुसरीचे 2 सारखेच असतात का, हा गुणपद्धतीतला जुना पेच आहे. काही जणी मुळातच सढळ हाताने गुण देतात तर काही जणी हात राखून. सर्वांना सारखी बटणे दिली की प्रत्येकीचे म्हणणे सारख्या वजनाचे होते. शिवाय हिरवे बटण भलत्या ठिकाणी खर्च केले तर स्वतःच्या आवडीच्या गाण्याला ते उरत नाही, त्यामुळे खोटे सांगण्यात फारसा फायदा राहत नाही. सगळे नमुने एकदा नुसते ऐकवून मग दुसऱ्या फेरीत बटणे टाकायला सांगावीत, नाहीतर सुरुवातीच्या गाण्यांवरच हिरवी संपून जातील. काळे बटण ज्यांना वापरायचे नसेल त्यांनी ते परत द्यावे.

आवाज किती ठेवायचा यावरही वाद होत असेल तर त्यासाठी सरासरी घेऊ नका. प्रत्येकीने सांगितलेली पातळी चढत्या क्रमाने लावा आणि बरोबर मधली निवडा. सरासरीच्या वेळी टोकाचा आकडा सांगून निकाल आपल्याकडे ओढता येतो; मधल्या आकड्याच्या बाबतीत अतिशयोक्तीने काही साधत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ सर फ्रान्सिस गाल्टन यांनी 1907 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात समितीच्या निर्णयांसाठी हाच मार्ग सुचवला होता.

दुसऱ्या शंकेबद्दल माझे मत स्पष्ट आहे : हिरवी बटणे उघड असावीत, लाल आणि काळी फक्त आपल्या वहीत. मास्थॉफ आणि गॅट यांच्या त्या निबंधाच्या शीर्षकातच संकोच टाळण्याचा उल्लेख आहे, तो उगाच नाही. ‘तुमच्यामुळे आमचे गाणे लागत नाही’ असे एकदा कोणी म्हटले की ती बाई पुढच्या वेळी खरे सांगणार नाही. पडद्यावर ‘हे यांच्या आवडीचे’ एवढेच दिसावे आणि न लागलेल्या गाण्यांविषयी कोणतेही कारण कुठेही दिसू नये. डब्याही झाकणाच्या असाव्यात, म्हणजे बटणे टाकतानाच रंग दिसणार नाहीत.

आता आपल्या भाच्यासाठी एक तपशील, जो प्रोग्राम लिहिताना निसटण्याचा संभव आहे. नवीन बाई कामावर आली की तिचा प्रतीक्षेचा आकडा शून्यापासून सुरू करू नये, नाहीतर ओळख नसलेल्या जागी ती सगळ्यांच्या मागे उभी राहील. त्या दिवशीच्या सगळ्या आकड्यांतला मधला आकडा तिला द्यावा. रजेवर गेलेल्या बाईचा आकडा मात्र ती परत येईपर्यंत आहे तिथेच थांबवावा. तो वाढत राहिला, तर आठवडाभर गावी जाऊन आलेली बाई सोमवारी आल्याबरोबर सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहील.